निलगिरी, युरिया आणि पाच विहिरी : प्रकल्पाच्या नोंदी

९ मे

आजपासून विहिरींची मोजणी सुरू: पाण्याची पातळी किती आणि त्यात नायट्रेट किती. (नायट्रेट म्हणजे खतातलं, शेणातलं नत्र पाण्यात ज्या रूपात उतरतं ते.) वर्धा जिल्हा, आर्वीकडचा भाग. गावाचं नाव वहीत लिहीत नाही, कारण वाद अजून ताजा आहे.

वाद असा. गावाच्या वरच्या अंगाला, उतारावर, एका काकांची निलगिरी आहे. दोन एकरांतली जुनी, तीन वर्षांची. तिच्या शेजारी सहा एकरांत गेल्या पावसाळ्यात लावलेली नवी. गाव म्हणतं, ही झाडं पाणी ओढतात, वरून त्यांचं खत उतरून आमच्या पिण्याच्या विहिरीत येतं. काका म्हणतात, "सारं गाव सोयाबीनले, पऱ्हाटीले पोत्यानं खत टाकते, तवा कोणाची विहीर बाटत नाही. माह्याच झाडाचं नाव काहून?" प्रश्न रास्त आहे.

पाच विहिरी ठरवल्या. पहिली काकांची, नव्या लागवडीच्या खालच्या धुऱ्याला. दुसरी गावाची, नळयोजनेचं पाणी हिच्यातूनच चढतं. तिसरी गावातल्या एका घरामागची, गोठ्याला लागून. उकिरडा तिच्यापासून दहा पावलांवर. चौथी टेकाडाच्या वर कोरडवाहू पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, ती तुलनेला. पाचवी जुन्या निलगिरीच्या कडेला.

पाण्याची पातळी जुन्याच रीतीने मोजली: पोलादी टेपच्या टोकाला वजन, शेवटच्या दोन मीटरला खडू फासायचा, टेप सोडायचा, खडू कुठवर ओला झाला ते बघून वजाबाकी करायची. पाचव्या विहिरीत टेप थेट गाळात रुतला. तिथल्या मोजणीपुढे "कोरडी" असं लिहिलं.

१३ मे

सगळ्या विहिरींत नायट्रेट शून्य! गोठ्याजवळच्या विहिरीतसुद्धा. हे मला पटेना. उकिरड्याचं काळं पाणी दर पावसाळ्यात जिच्या कठड्याला लागतं, तिच्यात शून्य कसं येईल?

चूक माझीच. तपासणीच्या पट्ट्यांची डबी चार दिवस स्कूटीच्या डिकीत होती. विदर्भातला मे महिना, डिकी म्हणजे भट्टी. विकणारा फोनवर म्हणाला, "मॅडम, बॅच एकदम ओके आहे." बॅच ओके असेलही, डिकीत शिजल्यावर तिचं काय राहणार! नवी डबी मागवली, ती घरी माठाशेजारी ठेवली. पण आता नव्या डबीवरही माझा विश्वास बसेना.

१६ मे

पट्टी खरी की खोटी, हे घरच्या घरी तपासायची सोय सापडली. ठिबकमधून सोडतात ते १३:०:४५ खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्यातलं १३ टक्के नत्र सगळं नायट्रेटच्या रूपात असतं. नत्राला ४.४३ ने गुणलं की नायट्रेट मिळतं, म्हणजे या खतात साधारण ५७.६ टक्के नायट्रेट. ८.७ ग्रॅम खत १० लिटर पाण्यात विरघळवलं की लिटरला ५०० मिलिग्रॅम होतात. त्यातलं १०० मिली घेऊन एक लिटर केलं की बरोबर ५०.

आता ८.७ ग्रॅम मोजायचे कशावर? किराणा दुकानाचा काटा एवढं बारीक दाखवत नाही. आर्वीच्या बाजारात सोनाराकडे गेले. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पुडीकडे. "ताई, हे काय होय जी?" खत, म्हटलं. त्याने काट्यावर कागद टाकला, पांढरे खडे चिमटीने एकेक करून ठेवले आणि ८.७० वर हात थांबवला. पैसे घेतले नाहीत. "सोन्याचा भाव नाही न याले," म्हणाला.

जुनी पट्टी ५० च्या पाण्यात फिकट राहिली. नवी बरोबर गुलाबी झाली. जुनी डबी फेकली.

२२ मे

खरी पहिली फेरी. पट्टी एक सेकंद बुडवायची, झटकायची, एक मिनिट थांबायचं, मग डबीवरच्या रंगांशी ताडायची. डबीवर ०, १०, २५, ५०, १००, २५० (लिटरला मिलिग्रॅम) असे टप्पे आहेत, मधलं डोळ्याने ठरवायचं. रंग सावलीतच बघावा. पिवळ्या ताडपत्रीखाली उभी राहून पाहिलं तर तोच गुलाबी नारिंगी दिसतो. एक आकडा त्यापायी पुन्हा काढावा लागला.

चौथी, टेकाडावरची: १० च्या आसपास. पहिली, काकांची: २५ ला जरा कमी. दुसरी, गावाची: १० आणि २५ च्या मधे. तिसरी, गोठ्याची: १०० च्याही पुढे. पाचवी कोरडीच.

भारतीय मानकात (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची हद्द लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तीत सवलत नाही. म्हणजे आज गावात हद्दीच्या बाहेर एकच विहीर, तीही निलगिरीची नव्हे, शेणाची. ग्रामपंचायतीत हे सांगितलं तर तिथे बसलेल्या एकाने विचारलं, "मंग काकाचं खत गेलं कुठं?" अजून टाकलंच नाही, म्हटलं. टाकल्यावर बघू.

८ जून

मृग लागला, आभाळ नुसतं गोळा होतं आहे. काकांच्या ओसरीवर दीड तास बसले.

बेत असा: पहिला मोठा पाऊस आला की प्रत्येक झाडाला १०० ग्रॅम युरिया, एकदाच. लागवड ३ × २ मीटर, सहा एकरांत चार हजारांच्या आसपास झाडं, म्हणजे ४०० किलो युरिया, ४५ किलोच्या नऊ गोण्या. गोणी २६६ रुपये ५० पैशांना. नऊ गोण्या चोवीसशे रुपयांत. "तीन हप्ते करा," म्हटलं. काकांनी बोटं मोजली. तीन वेळा माणसं लावायची तर मजुरी युरियाच्या वर जाते. यात काकांची काही चूक नाही. जे स्वस्त ते सढळ हाताने टाकायचं, महाग माणसं वाचवायची, हे कोणताही शेतकरी करतो.

मग सौदा झाला. तीन एकरांत काकांच्या मनासारखं, एकदाच. तीन एकरांत मी म्हणते तसं: जमिनीच्या भेगा मिटल्यावर, तीन हप्ते, बुडापासून वीतभर लांब गोल चरी काढून, वरून मातीने झाकून. जादा मजुरी प्रकल्पाच्या खर्चातून.

घरी येताना ध्यानात आलं की दोन्ही तुकड्यांचं पाणी शेवटी एकाच विहिरीत, पहिल्या विहिरीत जाणार. तिथे कुठल्या तुकड्याचं नायट्रेट कुठलं, हे कसं कळणार? हा विचार सौद्याच्या आधी व्हायला हवा होता.

१२ ते १४ जून

उपाय: जमिनीत उभ्या नळ्या. अडीच इंची पीव्हीसी, खालच्या दोन फुटांना गरम खिळ्याने भोकं, त्यावर धोतराचं जुनं कापड दुहेरी गुंडाळलेलं, तळाला बूच. हातगिरमिटाने सहा फूट खोल. वरची साडेतीन-चार फूट काळी माती, तिच्याखाली मुरूम. काळ्या मातीत गिरमिट चिकटतो, मुरमात ठणकतो; आवाजावरूनच कळतं कुठे पोचलो.

एकदाच-खताच्या भागात दोन नळ्या, हप्त्याच्या भागात दोन, जुन्या निलगिरीत एक. त्या जुन्या दोन एकरांत लागवडीच्या वर्षानंतर खताचा दाणा पडलेला नाही.

भेगा बघून घेतल्या. एका भेगेत काठी घातली, कोपरापर्यंत हात गेला तरी तळ लागला नाही. काळ्या मातीतली चिकणमाती वाळली की आकसते आणि भेगा पडतात, भिजली की फुगते आणि त्या मिटतात. भिजून फुगलेल्या मातीतून पाणी फार हळू उतरतं. पण ती फुगायच्या आतला पहिला पाऊस मातीशी बोलतही नाही, भेगेतून तडक मुरमात जातो.

२० जून

काल-आज एकदाच-खताच्या तीन एकरांत युरिया टाकून झाला. सहा बाया, एकीच्या हातात बादली, दुसरीच्या हातात वाटी. वाटी अगदी मापाची, पण दुपारनंतर हात थकले की वाटी भरून वर शीग येते. पाच ठिकाणी वजन करून पाहिलं: सकाळी शंभराच्या आसपास, संध्याकाळी सव्वाशे.

२३ जून

परवा रात्री झोडपून पाऊस. माझ्या डब्यात ८४ मिलिमीटर. सकाळी वावरात पाय ठेवता येईना.

२५ जून

नळ्यांत पाणी आलं. एकदाच-खताच्या दोन्ही नळ्यांत नायट्रेट २५ च्या पुढे नाही. काका खूश. "पाह्यलं न? काही होत नाही, बापा."

मी त्यांना थांबायला सांगितलं. पट्टीला युरिया दिसत नाही, फक्त नायट्रेट दिसतं. युरियाच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे पाऊस लगेच आला तर तो पाण्याबरोबर तसाच खाली सरकतो. जमिनीत त्याचा काही दिवसांत अमोनियम होतो. अमोनियम धन भाराचा, चिकणमाती त्याला धरून ठेवते. मग जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात आणि ते ऋण भाराचं. मातीही ऋण भाराची, म्हणून ती त्याला धरत नाही. पुढच्या पावसाबरोबर ते सुटतं. युरियावरच्या कडुनिंबाच्या लेपाने ही शेवटची पायरी लांबते, थांबत नाही.

काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे चोर आता घरात हाय, पोते भरून राह्यला." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

५ जुलै

आला चोर बाहेर. एकदाच-खताच्या नळ्या: एकीत १०० आणि २५० च्या मधे, दुसरीत १०० च्या जवळ. जिथे अजून खतच पडलेलं नाही, त्या हप्त्याच्या भागात: २५ आणि ५० च्या मधे.

हा दुसरा आकडाही विसरून चालणार नाही. खत न टाकताही पहिल्या पावसानंतर नायट्रेट वाढतंच. उन्हाळाभर तापलेल्या मातीत ओल शिरली की जिवाणू जागे होतात, कुजलेला पालापाचोळा, मुळं सगळं पचवायला लागतात, त्यातलं नत्र मोकळं होतं. टेकाडावरची चौथी विहीरसुद्धा १० वरून २५ कडे सरकली. वर्षभराच्या निलगिरीची मुळं अजून ओळींमधली जागा भरतील एवढी पसरलेली नसतात. मधलं नत्र उचलायला तिथे कोणी नाही.

पहिली विहीर: ५० ला पोचली. गावाची विहीर अजून २५ च्या खाली.

१२ जुलै

पाऊस, घरीच. वहीत हिशेब मांडला.

एकदाच-खताच्या भागात हेक्टरी नत्र: झाडाला १०० ग्रॅम युरिया, त्यात ४६ टक्के नत्र, हेक्टरी झाडं १,६६६. म्हणजे साधारण ७६ किलो. आता या मुरमात पाणी किती झिरपतं? झिजलेल्या बेसाल्टसाठी भूजलाच्या सरकारी अंदाजात पावसाच्या ७ टक्क्यांच्या आसपास धरतात. पाऊस १,००० मिलिमीटर मानला तर ७० मिलिमीटर, हेक्टरी ७ लाख लिटर. त्यात ७ किलो नत्र मिसळलं की लिटरला १० मिलिग्रॅम नत्र, म्हणजे ४४ मिलिग्रॅम नायट्रेट. हद्द ४५.

७६ मधले ७. टाकलेल्या खताचा अकरावा भाग सुटला की झिरपणारं सगळं पाणी हद्दीला टेकतं! गळती मोठी असायचीही गरज नाही.

इथेच गावाच्या दोन तक्रारी एकमेकींना मिळतात. झाडांनी पाणी जास्त ओढलं, झिरपा ७० वरून ३५ मिलिमीटरवर आला, तर साडेतीन किलो नत्रच पुरे होतं. वरणात मीठ तेवढंच, पाणी निम्मं. "निलगिरी पाणी पिते" आणि "निलगिरीचं खत उतरतं" हे गाव दोन वेगळे गुन्हे समजतं. हिशेबात पहिला दुसऱ्याची धार वाढवतो.

१८ जुलै

भेगा मिटल्या. हप्त्याच्या भागात पहिला हप्ता, झाडाला ३३ ग्रॅम, चरी काढून, झाकून. झाकायचं आणखी एक कारण: आपली काळी जमीन चुनखडीची, विम्लधर्मी, उघडा युरिया अमोनिया होऊन हवेत उडतो. तो उडाला तर विहीर वाचते खरी, पण काकांचे पैसे जातात.

६ ऑगस्ट

गावाची विहीर: २५ आणि ५० च्या मधे, ५० कडे झुकलेली. तीन वेळा पाहिलं.

आशाताईंना घेऊन एका घरी गेले. तिथे तीन महिन्यांचं पोट्टं आहे, आईला दूध कमी, म्हणून वरचं पावडरचं दूध. आजी सांगत होती, "पाणी चांगलं दहा मिनटं उकळवतो, बाई. काही जंतू राहत नाही." आजीचं जंतूंबद्दल बरोबर. पण नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटतं तसं ते दाट होतं. तुरटीने, क्लोरीनने, कॅन्डलच्या फिल्टरनेही जात नाही. सहा महिन्यांच्या आतलं, वरच्या दुधावरचं बाळ यात सगळ्यात नाजूक: नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्तातला हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायचा थांबतो, बाळ निळं पडतं. अमेरिकेत आयोवामधल्या हंटर कॉमली या डॉक्टरने विहिरीच्या पाण्याशी असलेला हा संबंध १९४५ मध्ये मांडला.

हे सगळं आजीला सांगितलं नाही, घाबरली असती. एवढंच सांगितलं की पोट्ट्याच्या दुधाला शाळेजवळच्या बोरिंगचं पाणी आणा, ते तपासलंय, १० च्या आत आहे. आणि उकळायचं ते उकळी येईपर्यंतच. आजीने विचारलं, "मंग बाकीच्याईनं हेच प्यायचं?" उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला. मोठ्यांना याच पाण्याने असा झटका बसत नाही, म्हटलं, पण हद्दीच्या एवढं जवळ ते ठेवायचं नाही आहे आपल्याला.

३ सप्टेंबर

काल पोळा, आज तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार. तरी सरपंचांनी बोलावलं, कारण गावाच्या विहिरीच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा कागद आला आहे. चेहरा खुललेला. "मॅडम, हद्द ४५. आपलं तर ९.८ च."

कागद घेतला. आकडा बरोबर, पण शेजारी बारीक अक्षरांत "नत्र म्हणून". ९.८ गुणिले ४.४३ म्हणजे ४३.४. माझ्या पट्टीशीही जुळतं. हद्दीच्या आत, पण कशीबशी. असा कागद कुठल्याही ग्रामपंचायतीत आला तरी हीच चूक होईल. आकडा नायट्रेटचा की नत्राचा, हे मोठ्या अक्षरांत छापायला कितीसा खर्च येतो?

क्लोराइडही तपासून घेतलं होतं. माझी अक्कल अशी होती की शेणामुताच्या पाण्यात नायट्रेटबरोबर क्लोराइड वाढतं, युरियात क्लोराइड नसतं, म्हणून दोन्ही मिळून गुन्हेगार ओळखता येईल. तिसऱ्या, गोठ्याच्या विहिरीत दोन्ही चढे, ठीक. पण पहिल्या विहिरीतही क्लोराइड चढं. काकांना विचारलं. लागवडीच्या वेळी १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश यांचं मिश्र खत) टाकलं होतं म्हणे. त्यातला पालाश म्युरेट ऑफ पोटॅशचा, म्हणजे क्लोराइडच. स्फुरद आणि पालाश मातीने धरून ठेवले, क्लोराइड पाण्याबरोबर निघून आलं. माझा पंच फितूर निघाला.

१० ऑक्टोबर

नळ्या आटत आल्या. शेवटचं वाचन: एकदाच-खत ५०, हप्ते २५. हप्त्याच्या भागातला सगळ्यात चढा आकडा ऑगस्टमधल्या दुसऱ्या हप्त्यानंतरचा, ५० च्या जवळ. चार नळ्या, एक पावसाळा. यावरून मी छातीठोक बोलणार नाही, पण पुढच्या वर्षी काय करायचं ते मला कळलं आहे.

जुन्या निलगिरीतली नळी मात्र वेगळीच. पावसाळाभर तिच्यात दोनदाच पाणी आलं, दोन्ही वेळा नायट्रेट १० च्या खाली. तीन वर्षांच्या झाडांची मुळं एकमेकांत गुंतलेली, पाणीही उचलतात, नत्रही. पाचव्या विहिरीचं पाणी म्हणून स्वच्छ, फक्त ते पार तळाला. ऑक्टोबरात तिची पातळी चौथीपेक्षा दोन मीटर खाली आहे, आणि जागेचा उतार बघता ती वर असायला हवी होती. कर्नाटकात खोल मातीच्या एका जागी निलगिरीने वर्षाच्या पावसाहूनही जास्त पाणी उचलल्याची मोजणी झालेली आहे. आपल्याकडे कातळ वर असल्याने मुळांना तेवढी खोली नाही, पण ओढ तीच.

२४ नोव्हेंबर

काका जुनी निलगिरी पुढच्या वर्षी तोडायला काढतील. फुटवा ठेवणार आहेत. त्यांना आजच सांगून ठेवलं: तोडल्यावर मुळांचं उचलणं जवळजवळ थांबतं, पण मातीतलं कुजणं थांबत नाही, म्हणून तोडीनंतरच्या पावसाळ्यात तिथूनही नायट्रेट सुटू शकतं. त्या वर्षी वरून खत नको. साल आणि डहाळ्या जाळू नका, ओळीत पसरून ठेवा. कुजताना ते आजूबाजूचं नत्र धरून ठेवतात. काका म्हणाले, "पाचोळ्यात साप राह्यते, पोरी." तेही खरं.

पुढच्या वर्षाचं ठरलं: नऊऐवजी पाच गोण्या, सगळं भेगा मिटल्यावर, दोन हप्त्यांत. तीन हप्ते काकांना जमत नाहीत आणि मजुरी दरवर्षी प्रकल्प देणार नाही.

१७ जानेवारी

पातळीची फेरी. गावाची विहीर नायट्रेटमध्ये २५ वर उतरली. गोठ्याची तिसरी अजून १०० वरच. पावसाळा असो नसो, तिला फरक पडत नाही.

ग्रामपंचायतीने तिसऱ्या विहिरीवर "पिण्यास अयोग्य" असं लाल रंगात लिहिलं, आणि मागच्या महिन्यात ठराव करून उकिरडा हलवलादेखील. आज बघायला गेले. खरंच हलवलाय, चांगला तीस पावलं. घरमालक अभिमानाने दाखवत होते. मी उताराकडे पाहिलं. नवी जागा चढाला आहे. आता पाऊस पडला की उकिरड्याचं पाणी तिसऱ्या विहिरीवरून वाहत येऊन थेट गावाच्या विहिरीच्या अंगाला लागेल.

उद्या सकाळी पुन्हा सरपंचांकडे. टेप आणि पाणपातळीची नळी सोबत घ्यायची, उतार डोळ्यांनी दाखवावा लागेल.